‘दूध पुरत नाही’ म्हणण्याआधी: बाळाला पाजताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणीतरी म्हणतंच, "पोर सारखं रडतंय, दूध पुरत नाही वाटतं." की लगेच पावडरचा डबा येतो, नाहीतर म्हशीच्या दुधात पाणी घालून पाजलं जातं. दूध खरोखर कमी आहे का, हे तपासायचं मात्र राहून जातं.

रडणं किंवा स्तन मऊ लागणं ही दूध कमी असल्याची खूण नव्हे. लघवी मोजा. पाचव्या दिवसापासून 24 तासांत सहा किंवा जास्त वेळा लंगोट नीट भिजत असेल, तर दूध पोटात जातंय. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतंच: तीन किलोचं बाळ 2.8 वर आलं तर घाबरू नका. दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर यायला हवं, आणि पुढे पहिले तीन महिने रोज साधारण 25-30 ग्रॅम वाढायला हवं. आशाताईंकडून वजन करून तायी कार्डावर (आई-बाळाच्या तपासण्यांच्या सरकारी नोंद-कार्डावर) लिहून घ्या.

डब्याचं दूध सुरू केल्यावर अंगावरचं का आटतं? स्तन जेवढा रिकामा होतो, तेवढंच दूध तयार होतं. डब्यानं पोट भरलेलं बाळ ओढत नाही, म्हणून दूध खरंच कमी होतं. दिवस-रात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजा. एक बाजू बाळानं स्वतः सोडेपर्यंत दुसरी देऊ नका.

बोंडाला चिरा पडतात ते पकड चुकल्यामुळे

बाळाचं पोट आईच्या पोटाला, कान-खांदा-कंबर एका रेषेत, नाक बोंडासमोर. जांभई देताना उघडतं तेवढं तोंड उघडेपर्यंत थांबा आणि मग बाळाला स्तनाकडे आणा. आईनं पुढं वाकू नये, पाठ भरून येते. पकड नीट असेल तर हनुवटी स्तनाला टेकते, खालचा ओठ बाहेर वळतो आणि बोंडाभोवतीचा काळसर भाग वरच्या ओठाच्या वर जास्त दिसतो. गालाला खळ्या पडत असतील, दुखणं थांबत नसेल किंवा बोंड चेपून चपटं बाहेर येत असेल, तर ओढून सोडवू नका. स्वच्छ करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून आत घाला, पकड सुटेल. पुन्हा लावा.

स्तन दगडासारखे झाले तर बाळाला पकडता येत नाही. आधी हातानं थोडं दूध काढा, मग पाजा. पाजून झाल्यावर थंड कापड ठेवा. एकाच जागी लाली, गाठ आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, पण पाजणं थांबवू नका.

चीक पिळून टाकू नका. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चहाचा चमचाभर दूध पुरतं. गुटी आणि पाणी सहा महिने नको, एप्रिल-मेच्या उन्हातही नको. मध तर वर्षभर नको: त्यातल्या जंतूंमुळे बाळाला लुळं पाडणारा आजार होऊ शकतो. निपाणी भागात विडी-तंबाखूचं काम करणाऱ्या आयांनी साबणानं हात धुऊन, साडी बदलूनच बाळाला घ्यावं.

डॉक्टरांनी डबा सांगितलाच तर

पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, गरम असतानाच वापरा. आधी मोजून पाणी, नंतर पावडर. बऱ्याच डब्यांत 30 मिलीला एक सपाट चमचा असतो, तरी आपल्या डब्यावरचंच प्रमाण पाळा. चमचा डब्यातलाच हवा, शीग लावून नको. दाट झालं तर शौच घट्ट होते, बाळाच्या अंगातलं पाणी कमी पडतं. पातळ केलं तर वजन वाढत नाही. भांडं गार पाण्यात धरून निववा आणि मनगटावर थेंब टाकून बघा. उष्टं राहिलेलं दूध तासाभरात फेका.

बाटलीपेक्षा बोंडलं (चोच असलेली छोटी वाटी) किंवा वाटी-चमचा बरा, कारण त्यात दूध अडकायला कोपरे नसतात. बाटलीच वापरायची तर निपल उलटा करून घासा, सगळं दहा मिनिटं पाण्यात बुडवून उकळा. जांबोटीकडच्या पावसात कपडे दिवसेंदिवस वाळत नाहीत. तसल्या ओल्या फडक्यानं बाटली पुसू नका, स्वच्छ चाळणीवर पालथी घालून निथळू द्या. उशीचा टेकू देऊन बाटली तोंडात ठेवणं धोक्याचं आहे, बाळ गुदमरतं.

बाळ पाजायलाही उठत नसेल, आठ तास लघवी नसेल, टाळू खोल गेली असेल, अंग तापलं किंवा गार पडलं असेल, किंवा पिवळेपणा तळहात-तळपायापर्यंत पोहोचला असेल, तर घरचे उपाय बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठा. वाटेतही बाळ ओढत असेल तर पाजत राहा.