एकाच पोर्टवर येणारे फायरवॉल लॉग वेगळे करण्याआधी

सीताबर्डीच्या ऑफिसातला सिस्को एएसए, बुटीबोरीच्या प्लांटचा फोर्टिगेट आणि मिहानमधला पालो आल्टो, या तिन्ही फायरवॉलचे लॉग (घडामोडींच्या नोंदी) एकाच सर्व्हरच्या यूडीपी ५१४ वर, म्हणजे लॉग पाठवायच्या नेहमीच्या पोर्टवर, येत असतील, तर रेजेक्स (मजकुरातला साचा ओळखणारे नियम) लिहायला बसू नका, आधी नमुने जमवा. टीसीपीडम्प हे नेटवर्कवरची ये-जा टिपणारं टूल लावून पूर्ण दिवसाच्या ओळी पकडा. सकाळच्या लॉगिनच्या गर्दीतल्या ओळी आणि रात्रीच्या बॅकअपच्या ओळी फार वेगळ्या असतात.

मग पाठवणाऱ्याचा आयपी तपासा. डिव्हाइस थेट पाठवत असेल तर आयपीवरून वाटणी करणं सगळ्यात भरवशाचं, आणि एखाद्याला स्वतंत्र पोर्टच देता आला तर त्याहून उत्तम. पण प्लांटचे लॉग मधल्या रिलेतून (लॉग पुढे ढकलणारा सर्व्हर) किंवा नॅटमधून (पत्ता बदलून पाठवणारी यंत्रणा) येत असतील तर सगळ्यांवर एकच आयपी दिसतो. तिथे ओळख मजकुरावरूनच पटवावी लागते.

या मजकुरावर मात्र निवांत वेळ द्या. एएसएच्या ओळीत टक्क्याच्या चिन्हानंतर ‘एएसए-६-३०२०१३’ अशी खूण असते. मधला ६ म्हणजे गांभीर्य, पुढचा आकडा म्हणजे टीसीपी कनेक्शन उघडल्याचा संदेश. ओळीच्या सुरुवातीला कंसात १६६ दिसला तर त्याला ८ ने भागा: भागाकार २०, म्हणजे लोकल४ हा लॉगचा गट, बाकी ६, म्हणजे इन्फो, नुसत्या माहितीची पातळी. फोर्टिगेट सगळं ‘नाव=किंमत’ अशा जोड्यांत लिहितो, तर पालो आल्टो स्वल्पविरामांनी तोडून. खरी गफलत इथेच होते. पालो आल्टोच्या ओळीत ‘ट्रॅफिक’ हा शब्द इंग्रजी मोठ्या अक्षरांत येतो, फोर्टिगेटच्या ‘टाइप’मध्ये तोच छोट्या अक्षरांत. लहान-मोठी अक्षरं न बघणारा नुसता ‘ट्रॅफिक’ शोधणारा नियम दोघांनाही एकाच टोपलीत टाकतो. म्हणून शब्दाच्या दोन्ही बाजूंचे स्वल्पविरामही नियमात घ्या.

कुठल्याच नियमात न बसलेल्या ओळींसाठी वेगळा इंडेक्स (लॉग साठवायचा कप्पा) ठेवा आणि तो रोज उघडून बघा. त्या फेकून देणं मला अजिबात पटत नाही. फर्मवेअर बदलल्यावर लॉगचा साचा बदलला, तर पहिला सुगावा तिथेच लागतो.

घड्याळं जुळवा. सिस्लॉग म्हणजे डिव्हाइसं लॉग पाठवतात तो साचा; त्याच्या जुन्या पद्धतीत ना वर्ष असतं ना टाइम झोन, त्यामुळे एक डिव्हाइस यूटीसीवर राहिलं तर त्याच्या घटना साडेपाच तास मागे दिसतात. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी (वेळ देणाऱ्या) सर्व्हरशी जुळवायला आणि लॉग १८० दिवस जपायला सांगितलंय. प्रत्येक नव्या इंडेक्सची मुदत त्या हिशोबाने लावा.

लॉग साठवायला स्प्लंक हे सॉफ्टवेअर असेल तर सोर्सटाइप (ओळ कुठल्या प्रकारची ते सांगणारं नाव) बदलणारे नियम हेवी फॉरवर्डरवर (लॉग वाचून पुढे पाठवणारा) किंवा इंडेक्सरवर (लॉग साठवणारा) टाका, नुसतं पुढे पाठवणाऱ्या युनिव्हर्सल फॉरवर्डरवर ते चालत नाहीत. चुकीच्या नावाने साठवलेली ओळ नंतर नियम सुधारला तरी तशीच राहते, म्हणून जमवलेले नमुने आधी टेस्ट इंडेक्समध्ये चालवून बघा.

बदल रात्री घ्या. मे महिन्यात दुपारी लाइट गेली-आली की शाखांमधली डिव्हाइसं रीस्टार्ट होतात आणि आकडे ताडून बघता येत नाहीत. आधीचे आणि नंतरचे तासाचे आकडे डिव्हाइसवार मांडा, सर्व्हरवरच्या नेटस्टॅट कमांडमध्ये यूडीपीचे रिसीव्ह एरर वाढतायत का बघा, आणि जुनी कॉन्फिग परत कशी लावायची ते रात्रपाळीच्या माणसाकडून एकदा करवून घ्या.