जाळलेल्या लाकडाचं क्लॅडिंग करताय? या चुका टाळा

रानातल्या घराच्या भिंतींना बाहेरून जाळलेल्या काळ्या फळ्या, म्हणजे क्लॅडिंग, हवंय म्हणून फोटो पाठवणारे बरेच येतात, आणि चुका तर त्याच त्याच.

पहिली म्हणजे घाई. गॅस टॉर्च हातात घ्यायचा, फळीवरून भराभर फिरवायचा, काळी झाली की झालं. ते फक्त रंगवल्यासारखं काळं, एका पावसाळ्यात धुऊन जातं. जपानात याला याकिसुगी म्हणतात. तिथे सुगी म्हणजे जपानी सीडरच्या लाकडाच्या तीन फळ्या त्रिकोणात बांधून उभी चिमणीच करतात आणि खालून पेटवतात, आतल्या बाजूला काही मिलिमीटर कोळसा चढला की फळ्या सोडून पाण्याने विझवतात. जपानच्या नाओशिमा बेटावर वास्तुविशारद तादाओ आंदोने केलेल्या मिनामिदेरा या इमारतीला (1999) बाहेरून असंच जाळलेलं लाकूड आहे. टॉर्चने करायचंच असेल तर मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडेपर्यंत एकाच जागी थांबा. मी आधी एक तुकडा जाळून आडवा कापून बघतो, कोळसा किती आत गेलाय ते, मगच बाकीच्या फळ्यांना हात लावतो.

दुसरी चूक, जिचा मला खरंच राग येतो, ती म्हणजे मागे हवा न ठेवणं. ताम्हिणीकडच्या एका घरात कॉन्ट्रॅक्टरने फळ्या सरळ प्लास्टरवर ठोकल्या, का तर म्हणे भिंतीला वॉटरप्रूफिंग केलंय, बॅटनचा, म्हणजे फळ्यांमागे ठोकायच्या लाकडी पट्ट्यांचा, खर्च कशाला. पावसाळा संपल्यावर मालकांनी बोलावलं, एक फळी काढली तर पुढून छान काळी आणि मागे पांढरी बुरशी, लाकूड नखाने उकरलं जात होतं. अहो, पुढची बाजू जाळलीत, मागची कच्चीच आहे ना, ओल तिथूनच शिरते! सगळं उतरवून नव्याने करावं लागलं. फळ्या आडव्या असतील तर उभे बॅटन, फळ्या उभ्या असतील तर बॅटन दोन थरात, म्हणजे वारा खालून वर जातो. निदान 20-25 मिमी पोकळी, खाली-वर जाळी. यात मी तडजोड करत नाही, क्लायंट गेला तरी चालेल.

ओलं लाकूड जाळू नका, नंतर पिळवटतं. कापलेली टोकं परत जाळून तेल द्या, पाणी तिथूनच आत जातं. साधे लोखंडी खिळे नकोत, स्टेनलेसचे स्क्रू वापरा. जमिनीपासून वीतभर वर ठेवा, नाहीतर चिखलाचे शिंतोडे उडतात आणि वाळवीलाही सोपं होतं. दाराजवळ, व्हरांड्यात जिथे हात लागतो तिथे ब्रश मारून तेल द्या, नाहीतर कपडे काळे होतात. आणि जाळलं म्हणजे आता आग लागणारच नाही असं समजून चुलीचं धुराडं फळ्यांना चिकटवू नका.

जाळायचं काम उन्हाळ्यात सुक्या गवतात तर अजिबात करू नका, आधी जागा साफ करा, पाण्याचा पाइप चालू ठेवा, आणि विझवलेल्या फळ्या रात्रभर सुट्या ठेवा, एकावर एक रचू नका, आत निखारा राहतो.