फोर-बाय-फोर पिकअपचे अ‍ॅव्हरेज: मोजायचे कसे, राखायचे कसे

फोर-बाय-फोर पिकअप म्हणजे डिझेल पिणारी गाडी, असे सरसकट म्हटले जाते. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स किंवा महिंद्रा बोलेरो कॅम्परची फोर-बाय-फोर आवृत्ती या गाड्यांना ट्रान्स्फर केस (इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी), पुढचा शाफ्ट आणि पुढचा डिफरन्शियल (वळणावर चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) यांचे वजन कायमच वाहावे लागते. मात्र नेहमीच्या रस्त्यावर इंजिनाची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना जाते. त्यामुळे अ‍ॅव्हरेज घसरले की त्याचा दोष लगेच फोर-बाय-फोरला देऊ नये. आधी नीट मोजावे.

डॅशबोर्डवरचा आकडा अंदाजाचा असतो. खरे मोजमाप टाकी फुल करूनच होते. नोझल पहिल्यांदा आपोआप कट झाले की तिथेच थांबावे, ट्रिप मीटर शून्यावर आणावा, आणि पुढच्या वेळी त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलवर, पुन्हा पहिल्या कटपर्यंतच भरावे. डिझेलला फेस येतो आणि फेस नोझलपर्यंत चढला की टाकी भरण्याआधीच कट होतो. एखाद्या वेळी दोन लिटर कमी बसले, तर चाळीस लिटरच्या हिशेबात पाच टक्क्यांची चूक होते. म्हणून एका टाकीवर निष्कर्ष काढू नये. लागोपाठ तीन टाक्यांचे किलोमीटर आणि लिटर यांची बेरीज करून मग भागाकार करावा: समजा 1,480 किलोमीटरला 128 लिटर लागले, तर अ‍ॅव्हरेज साधारण 11.6 पडले.

टायर बदलले असतील तर हाही हिशेब चुकतो. 245/70 आर 16 या मापाच्या टायरचा व्यास सुमारे 749 मिलिमीटर, तर 265/70 आर 16 चा सुमारे 777 मिलिमीटर भरतो. मोठे टायर बसवल्यावर चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, पण मीटर जुन्याच हिशेबाने धावतो आणि जवळजवळ चार टक्के कमी दाखवतो. तेव्हा मीटरवरच्या किलोमीटरना 1.037 ने गुणून मगच टायरला नावे ठेवावीत. अर्थात जाड नक्षीचे, वजनदार टायर डिझेल जास्त घेतातच, हेही खरे. वर्षातले बहुतेक दिवस डांबरावर जाणार असतील, तर केवळ रुबाबासाठी असे टायर बसवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता फोर-बाय-फोरच्या लिव्हरकडे, किंवा नव्या गाड्यांतल्या नॉबकडे, वळू. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात, म्हणजे त्यांना जास्त फिरावे लागते. फोर हाय, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी स्थिती, लावल्यावर मात्र पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात आणि दोन्ही एकाच वेगाने फिरतात, कारण या गाड्यांमध्ये मधला डिफरन्शियल नसतो. चिखलात चाक थोडे घसरते आणि हा फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर तो निघायला वाट राहत नाही. पंपाच्या आवारात किंवा अंगणात फोर हायमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून पाहिले तर लगेच कळते: स्टिअरिंग जड होते, गाडी कोणीतरी मागून धरल्यासारखी अडखळते आणि टायर चरचरतात. हे सारे डिझेल जाळूनच होते, शिवाय टायर आणि ट्रान्स्फर केस झिजतात ते वेगळेच. म्हणून शेताची वाट, पावसाळ्यातला लाल मातीचा चढ किंवा ओढ्याचे पात्र पार झाले की डांबराला लागण्याआधीच टू हाय, म्हणजे फक्त मागच्या चाकांना ताकद, करावे. लिव्हर अडकून बसला तर जोर करू नये; गाडी सरळ रेषेत थोडी मागे घेतली की ताण सुटतो आणि लिव्हर सहज निघतो. जुन्या गाडीच्या पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब (चाक शाफ्टला जोडणारे किंवा सोडवणारे खटके) असतील, तर पावसाळा संपल्यावर ते ‘फ्री’वर आणावेत, नाहीतर टू हायमध्येही पुढचा शाफ्ट विनाकारण फिरत राहतो.

घाट उतरताना न्यूट्रल करण्याची सवय अनेकांना आहे आणि त्याने डिझेल वाचते, असा त्यांचा समज आहे. आजच्या इंजेक्शन इंजिनांत नेमके उलटे घडते. गिअरमध्ये राहून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर इंजिनाला होणारा डिझेलचा पुरवठाच बंद होतो, तर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यापुरते डिझेल जळत राहते. शिवाय ताम्हिणी किंवा वरंधसारख्या घाटात इंजिनाचा आधार सोडला की सगळा भार ब्रेकवर येतो. इंजिन बंद करून उतरणे तर जिवावरचेच आहे, कारण ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्हींची मदत जाते.

हमरस्त्यावर मुख्य शत्रू वारा. ताशी 80 ऐवजी 100 ने गेल्यास हवेचा विरोध दीडपटीहून अधिक होतो, आणि पिकअपचे उभे तोंड व टपावरचे कॅरिअर त्यात भरच घालतात. हौद्याचा फाळका उघडा ठेवून वारा चुकवता येत नाही; बंद फाळक्यामागे हवेचा भोवरा तयार होतो आणि वरची हवा त्यावरून निघून जाते, म्हणून तो बंदच ठेवावा. हौद्यात महिनोन्‌महिने पडून असलेल्या साखळ्या, जॅक, वाळूची पोती उतरवावीत. टायरमधली हवा गाडी थंड असताना, दारावरच्या पट्टीत दिलेल्या आकड्याप्रमाणे, आणि माल भरणार असल्यास भरल्या गाडीसाठीच्या आकड्याप्रमाणे ठेवावी. चिखलासाठी हवा कमी केली असेल तर डांबराला लागताच पुन्हा भरावी. बारा व्होल्टचा छोटा पंप गाडीत असणे यासाठी फार सोयीचे.

बीएस-6 या प्रदूषण-नियमांत बसणाऱ्या गाड्यांत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, भरला की ती जाळण्यासाठी इंजिन जादा डिझेल वापरते. घर ते बाजार अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापत नाही, काजळी लवकर साचते आणि जाळण्याचे काम वारंवार करावे लागते. अधूनमधून गाडी मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने नेल्यास फरक पडतो.

एवढे करूनही आकडा सुधारला नाही, तर ब्रेक फारसा न लावता दहा-पंधरा किलोमीटर सपाट रस्त्याने जाऊन थांबावे आणि चारही रिमजवळ, न टेकवता, तळहात न्यावा. एकाच चाकाची धग इतरांपेक्षा जास्त लागली, तर तिथला ब्रेक धरून बसला असण्याची किंवा बेअरिंग बिघडल्याची शक्यता आहे, आणि गाडी तशीच न चालवता आधी ते चाक मेकॅनिककडून खोलून घ्यावे.