बीपीच्या कफनं हृदयाभोवतीचा पू ओळखताना

नवी सिस्टर वॉर्डात आली की मी तिच्या हातात जुनं, हातानं फुगवायचं बीपी मशीन देते. हृदयाभोवती पू किंवा पाणी साठून हृदय आवळलं गेलं की श्वास घेताना वरचं बीपी जास्तच घसरतं; मॉनिटरच्या बीपीवरून हे कळत नाही.

हृदयाभोवतीच्या पिशवीत एरवी १५ ते ५० मिली पाणी असतं. टीबीत ते सावकाश साठतं, पिशवी ताणत जाते, लिटरभरही मावतं. स्टॅफ किंवा न्यूमोकोकस या जंतूंनी पू झाला तर मात्र तो भराभर वाढतो आणि दीड-दोनशे मिलीतच हृदय आवळलं जातं. असे पेशंट क्वचितच. माझा पहिला बारा वर्षांचा होता. मांडीवरचं गळू घरीच फोडलेलं. ताप, धाप, पोटाशी उशी धरून पुढं वाकून बसलेला. मी न्यूमोनिया समजून वाफ द्यायला निघाले होते.

पेशंटला अर्धवट बसवा. श्वास नेहमीसारखाच घेऊ दे. "जोरात श्वास घ्या" म्हणालात की आकडा बिघडला. कफ वरच्या बीपीच्या २० वर फुगवा आणि हवा अगदी हळू सोडा. आधी ठोके फक्त श्वास सोडताना ऐकू येतील, श्वास घेताना गायब. तो आकडा लिहा. खाली येत राहा. श्वास घेतानाही ठोके सलग लागले की दुसरा आकडा. त्या मुलाचे ९४ आणि ७६ आले. फरक १० च्या वर गेला तर डॉक्टरांना बोलवा; मानेच्या शिराही फुगल्या असतील तर धावतच. जोरदार दम्यातही फरक वाढतो, म्हणून छातीत शिट्टी वाजतेय का तेही ऐका. नाडी अनियमित असेल तर या आकड्यावर विसंबू नका.

इको (हृदयाची सोनोग्राफी) होईपर्यंत आडवं पाडू नका. सलाईनची सुई लावून ठेवा. पायाला सूज दिसते म्हणून लघवीचं इंजेक्शन लिहिलेलं असेल तर देण्याआधी विचारा. हृदय आधीच नीट भरत नाही, त्यात अंगातलं पाणी काढलं तर बीपी कोसळतं.

टॅपिंगला, म्हणजे सुईनं ते पाणी काढताना, कल्चरच्या बाटल्यांबरोबर सीबीनॅट आणि एडीए या टीबीच्या तपासण्यांसाठी निर्जंतुक डब्या काढा. नमुना स्वतः लॅबमध्ये पोचवा, वॉर्डबॉय मामांच्या ट्रेमध्ये ठेवून विसरू नका (मी विसरले आहे).

त्या मुलाचा पू घट्ट पिठल्यासारखा होता. रात्री ड्रेनमध्ये (पू बाहेर काढायला बसवलेल्या नळीत) शून्य आलं, तर नव्या सिस्टरनं "पाणी संपलं" लिहिलं. नळी चोंदली होती. शेवटी सर्जनना छातीखाली छेद घेऊन पू काढावा लागला. दुसऱ्या दिवशी तोच कफ लावला: फरक ६. तो पाठीवर उताणा झोपला होता, उशी पायाशी पडलेली.