कंट्री लाइन डान्सची सुरुवात कशी करावी आणि त्यासाठी टोपणनाव कसं निवडावं

नाचायची हौस आहे, पण जोडीदार नाही म्हणून कोपऱ्यात बसून राहणाऱ्या माणसाला मी आधी कंट्री लाइन डान्स सुचवते. सगळे रांगांमध्ये एकाच दिशेला तोंड करून उभे राहतात आणि पावलांची ठरलेली मालिका गाणं संपेपर्यंत पुन्हा पुन्हा करतात. कुणी नाचायला बोलावेल याची वाट बघावी लागत नाही. ज्यांनी शाळेत लेझीम खेळली आहे, त्यांना रांग धरणं आणि मोजून पाऊल टाकणं नव्यानं शिकवावं लागत नाही.

हा नाच अमेरिकेतला, आणि ‘कंट्री’ म्हणजे तिथल्या ग्रामीण भागातून आलेलं संगीत. एकोणिसाव्या शतकात टेक्सासच्या मध्य भागात जर्मन आणि चेक कुटुंबं येऊन वसली. त्यांनी गावोगावी नाचघरं बांधली आणि पोल्का, वॉल्ट्झ, शॉटिश हे नाच तिथं रुजवले. न्यू ब्राउनफेल्समधला १८७८ सालचा ग्रीन हॉल आजही चालू आहे. १९८० मध्ये ‘अर्बन काउबॉय’ हा सिनेमा आला आणि शहरांतली माणसंही बूट चढवून नाचू लागली. १९९२ मध्ये बिली रे सायरसच्या ‘एकी ब्रेकी हार्ट’ या गाण्याबरोबर लाइन डान्सची मोठी लाट आली. वांद्र्याच्या किंवा गोव्याच्या ख्रिस्ती लग्नात एखादं गाणं लागताच पाहुणे रांगा धरतात, ते तुम्ही पाहिलं असेल. तो प्रकार याच कुळातला.

आज बरेच जण व्हिडिओवरून शिकतात, स्वतःचे व्हिडिओ टाकतात, परदेशातल्या वर्गाला घरबसल्या हजेरी लावतात. तिथं ऑनलाइन नाव लागतं. पण नाव ठरवण्याची घाई करू नका. काही आठवडे नाचून झाले की आपल्याला काय आवडतं ते कळतं आणि नावही बरं सुचतं.

पायात काय घालावं

काउबॉय बूट लगेच विकत घेऊ नका. त्यांचा फायदा एवढाच, की चामडी तळ लाकडी फरशीवर सरकतो, म्हणून वळताना पाय अडकत नाही. नव्या रबरी तळाचे बूट उलट फरशी धरून ठेवतात. अंग वळतं, पाऊल जागेवरच राहतं आणि पीळ गुडघ्याला बसतो. घरी सरावाला तळ झिजलेले, पायात घट्ट बसणारे जुने बूट चांगले. चपला आणि सँडल नकोत. टाइलवर नुसते मोजे घालून तर अजिबात नाचू नका. फ्लॅटमध्ये राहत असाल तर पाय आपटायची पावलं रात्री नुसती टेकवा, खालच्या मजल्यावर माणसं झोपलेली असतात.

आधी चार पावलं

ग्रेपवाइन: उजवा पाय उजवीकडे, डावा त्याच्या मागून, उजवा पुन्हा उजवीकडे, डावा शेजारी टेकवा. चार मोजण्यांत झालं. डावीकडे जाताना हेच उलट.

शफल: दोन मोजण्यांत तीन छोटी पावलं, ‘एक-आणि-दोन’ असं म्हणत. मागचा पाय पुढच्याला ओलांडत नाही, फक्त त्याच्याजवळ येतो.

रॉक: एक पाय पुढे टाकून वजन त्यावर द्या आणि लगेच मागच्या पायावर परत घ्या.

पिव्हट: उजवा पाय पुढे टाका, दोन्ही चवड्यांवर डावीकडून अर्धं वळा आणि वजन डाव्या पायावर आणा. टाचा किंचित उचललेल्या असू द्या.

या चारही पावलांत खरी गोष्ट एकच आहे: वजन कुठल्या पायावर आहे? ‘स्टेप’ म्हणजे त्या पायावर पूर्ण वजन. ‘टच’ म्हणजे पाय टेकवायचा, वजन द्यायचं नाही. ग्रेपवाइनच्या चौथ्या मोजणीला टेकवलेल्या पायावर नकळत वजन गेलं की पुढचं पाऊल टाकायला चुकीचा पाय मोकळा राहतो आणि सगळी रांग एकीकडे, आपण दुसरीकडे असं होतं. नवशिक्यांच्या बहुतेक चुका इथूनच निघतात, आणि त्या स्मरणशक्तीच्या माथी मारल्या जातात. म्हणून सुरुवातीला गाणं लावू नका. मोठ्यानं मोजा आणि प्रत्येक टचनंतर थांबून तो पाय हवेत उचलून बघा. सहज उचलला गेला तर वजन योग्य जागी आहे. हा कंटाळवाणा सराव मनापासून केलात तर पुढचे कितीतरी नाच भराभर येतील.

पहिला नाच

इलेक्ट्रिक स्लाइड घ्या. रिक सिल्व्हर यांनी १९७६ मध्ये तो बसवला. त्यांचा मूळ नाच २२ मोजण्यांचा, पण लग्नसमारंभांत १८ मोजण्यांचा प्रकार जास्त दिसतो. कंट्री गाण्यांवरही तो छान बसतो.

१ ते ४: उजवीकडे ग्रेपवाइन, शेवटी डाव्या पायाचा टच.
५ ते ८: डावीकडे ग्रेपवाइन, शेवटी उजव्याचा टच.
९ ते १२: उजवा, डावा, उजवा असे मागे चाला, डावा टच.
१३–१४: डावा पुढे, उजवा टच.
१५–१६: उजवा मागे, डावा टच.
१७–१८: डावा पुढे टाकताना पाव वळण डावीकडे घ्या, उजव्या पायाची टाच फरशीला घासत पुढे आणा.

आता तुम्ही खोलीच्या दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून उभे आहात. तिथून पुन्हा पहिल्यापासून. चार फेऱ्यांनंतर मूळ भिंत समोर येते, म्हणून याला ‘फोर वॉल’ नाच म्हणतात. फक्त अर्धं वळण असलं तर ‘टू वॉल’. इतर नाचांच्या लिखित पावलांच्या कागदावर, म्हणजे स्टेप शीटवर, वरच मोजण्या, भिंती आणि पातळी दिलेली असते. ३२ मोजण्यांचा, ‘ॲब्सोल्यूट बिगिनर’ पातळीचा नाच पुढचा म्हणून निवडा. ‘टॅग’ किंवा ‘रीस्टार्ट’ असे शब्द दिसले तर तो थोडे दिवस बाजूला ठेवा. गाण्याच्या काही जागी जास्तीची पावलं घालायची असतात किंवा मालिका मध्येच तोडून पुन्हा सुरू करायची असते, आणि ते सुरुवातीला गोंधळात टाकतं.

व्हिडिओ बघताना शिकवणाऱ्याची पाठ दिसेल असाच निवडा. समोरून घेतलेल्या व्हिडिओत डावं-उजवं उलटतं. वेग ०.७५ वर ठेवा.

वर्गात किंवा कार्यक्रमात गेलात की मधल्या रांगेत, मधोमध उभे राहा. मागे उभं राहणं सुरक्षित वाटतं, पण पहिल्या अर्ध्या वळणानंतर मागची रांगच पुढची होते आणि बघायला समोर कुणी उरत नाही. मध्ये असलात तर चारही दिशांना कुणाचे तरी पाय दिसतात.

जोडीनं नाचायचं झालं तर

टेक्सास टू-स्टेपची लय ‘क्विक-क्विक-स्लो-स्लो’ अशी. क्विकला एक ठोका, स्लोला दोन, म्हणजे सहा ठोक्यांचा एक फेर. पुढाकार घेणारा डाव्या पायानं पुढे निघतो, साथ देणारी व्यक्ती उजव्या पायानं मागे. सगळ्या जोड्या मैदानभर घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतात. वेगानं नाचणारे बाहेरच्या कडेनं, सावकाश नाचणारे आतून, आणि लाइन डान्सवाले मधोमध, हा शिष्टाचार जवळपास सगळीकडे पाळतात. चालत्या मार्गात थांबून पावलं समजावत बसू नका. धक्का लागला की चूक कुणाचीही असो, ‘सॉरी’ म्हणून पुढे जायचं.

ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन इथं मुलांकडे काही महिने राहायला जाणाऱ्या मराठी आईवडिलांना मी आवर्जून सांगते, एखाद्या संध्याकाळी नाचघरात जाऊन या. बऱ्याच ठिकाणी गर्दी होण्याआधी नवशिक्यांसाठी धडा असतो आणि एकट्या आलेल्या माणसाला तिथं सामावून घेतात.

आता नाव

नाव बदलून वावरण्याची कंट्री संगीतात जुनी पद्धत आहे आणि तिथूनच चांगल्या युक्त्या मिळतात. हॅरल्ड लॉइड जेंकिन्स यांनी आर्कान्सामधलं कॉनवे आणि टेक्सासमधलं ट्विटी ही गावं उचलली आणि ते कॉनवे ट्विटी झाले. हेन्री जॉन ड्यूशेनडॉर्फ यांनी कोलोरॅडोची राजधानी घेतली, जॉन डेन्व्हर. व्हर्जिनिया पॅटरसन हेन्स्लीच्या मधल्या नावातून ‘पॅट्सी’ निघालं, पहिल्या नवऱ्याच्या आडनावातून ‘क्लाइन’. हँक विल्यम्स यांनी उपदेशपर निवेदनांच्या ध्वनिमुद्रिका ‘ल्यूक द ड्रिफ्टर’ या वेगळ्या नावानं काढल्या, म्हणजे त्यांची नेहमीची गाणी हवी असणाऱ्यांची फसगत होऊ नये. १९७३ च्या तेलटंचाईनंतर सीबी रेडिओवर, म्हणजे सर्वसामान्यांसाठीच्या कमी पल्ल्याच्या बिनतारी संचावर, एकमेकांशी बोलणारे अमेरिकन ट्रकचालक टोपणनावंच वापरत. ती लाट इतकी पसरली की तेव्हाच्या अध्यक्षांची पत्नी बेटी फोर्ड यांनीही ‘फर्स्ट मामा’ हे नाव घेतलं. आपल्याला यात परकं वाटण्यासारखं काहीच नाही. शिरवाडकरांनी धाकट्या बहिणीच्या, कुसुमच्या नावावरून ‘कुसुमाग्रज’ घेतलं आणि महाराष्ट्रानं त्याच नावानं त्यांच्यावर प्रेम केलं.

तेव्हा कागद घ्या आणि तीन याद्या करा: आवडती पावलं, जिव्हाळ्याची ठिकाणं, आपल्या किंवा घरच्यांच्या नावांचे तुकडे. मग जोड्या लावून बघा. सातारा शफल, पिव्हट मीरा, कोयना जो. दहा-बारा तरी लिहा. पहिली दोन-तीन नावं कुणालाही सुचतील अशीच असतात.

प्रत्येक नाव मोठ्यानं हाक मारून बघा. ऑनलाइन घेतलेलं नाव पुढे नाचघरातही येतं. चार जोड्या चौकोन करून नाचतात त्या स्क्वेअर डान्सच्या क्लबांत तर नावाचा बिल्ला छातीवर लावायची पद्धत आहे. वाजत्या गाण्यात पलीकडच्या रांगेतून कुणी हाक मारली तर ती ऐकू यायला हवी. दोन-तीन अक्षरी हाक उत्तम. रोमन लिपीत लिहून एखाद्या परक्या माणसाकडून वाचून घ्या. ‘ळ’, ‘ज्ञ’ असलेली नावं तिथं ओळखू येणार नाहीत इतकी बदलतात. आकडे आणि अधोरेखा घालू नका, तोंडी सांगताना त्यांचा फार त्रास होतो.

मग शोध घ्या, हे नाव आधीच कुणाचं आहे का? लेडी अँटबेलम या कंट्री बँडनं २०२० मध्ये नाव बदलून ‘लेडी ए’ केलं, कारण जुनं नाव गुलामगिरीच्या काळाशी जोडलेलं होतं. पण सिएटलमधली ब्लूज गायिका अनिता व्हाइट कितीतरी वर्षं ‘लेडी ए’ याच नावानं गात होती. प्रकरण कोर्टात गेलं. आपला पसारा लहान असला तरी दुसऱ्याचं कमावलेलं नाव घेणं चूकच आहे.

याच उदाहरणात दुसरी सूचनाही आहे. त्याच वर्षी ‘डिक्सी चिक्स’ या बँडनं नावातलं ‘डिक्सी’ वगळलं. ‘डिक्सी’, ‘रेबेल’ हे शब्द दूरवरून नुसते झोकदार वाटतात, पण अमेरिकेत त्यांना गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेच्या राज्यांचा इतिहास चिकटलेला आहे. अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातींची नावं किंवा ‘चीफ’सारखी पदंही नकोत. ती माणसं आज तिथं राहतात, नाचायलाही येतात.

सुरक्षिततेच्या बाबतीत मी कडक आहे. नावात जन्मवर्ष, आडनाव, सोसायटी, शाळा, कंपनी यातलं काहीही येऊ देऊ नका. सातारा हा मोठा जिल्हा आहे, चालेल; पाचशे वस्तीचं गाव नको. इतर ठिकाणी वापरत असलेलं नाव इथं पुन्हा घेऊ नका, कारण एका नावावरून बाकीची खाती शोधणं अगदी सोपं असतं. व्हिडिओ टाकताना मागे घराची पाटी किंवा गाडीचा नंबर दिसतोय का तेही बघा. घरातली लहान मुलं नाचणार असतील तर त्यांचं टोपणनाव तुम्ही बसून ठरवा आणि त्यात वय सूचित होऊ देऊ नका.

नाव पक्कं झालं की सगळीकडे एकाच स्पेलिंगनं नोंदवा. काही महिन्यांनी ते नकोसं वाटलं तर खुशाल बदला. नव्या नावाखाली जुनं नाव थोडे दिवस लिहून ठेवा, म्हणजे सोबत नाचणारे तुम्हाला शोधत बसणार नाहीत.