एकट्याने समुद्र पार करणाऱ्यांची जुनी पुस्तकं लायब्ररीत कशी शोधायची

जोशुआ स्लोकमसाठी लायब्ररीत जायची गरजच नाही. १८९५ ते ९८ मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा पहिला माणूस, त्याचं पुस्तक १९०० चं, कॉपीराइट केव्हाच संपलाय, प्रोजेक्ट गुटेनबर्ग या वेबसाइटवर फुकट मिळतं. खरी शोधाशोध त्याच्यानंतरच्या लोकांसाठी.

सगळ्यात कामाची गोष्ट आधीच सांगतो, माणसाच्या किंवा पुस्तकाच्या नावाने अडलात तर होडीच्या नावाने शोधा. भाषांतरात पुस्तकाचं नाव पार बदलतं, लेखकाच्या नावाचं स्पेलिंग प्रत्येक कॅटलॉगमध्ये वेगळं असतं, होडीचं नाव मात्र सहसा तेच राहतं. आलाँ जेरबोने १९२३ मध्ये जिब्राल्टरहून न्यूयॉर्क १०१ दिवसांत गाठलं, फ्रेंच पुस्तकाच्या नावात फक्त अटलांटिक आहे आणि इंग्रजीच्या नावात त्याची होडी फायरक्रेस्ट, म्हणजे फ्रेंच नावाचं शब्दशः इंग्रजी करून शोधत बसलात तर बसाच. अर्जेंटिनाचा व्हितो दुमास लेग २ (Lehg II) ही होडी घेऊन १९४२-४३ मध्ये, ऐन महायुद्धात, दक्षिणेकडच्या खवळलेल्या समुद्रातून फिरून आला, त्याच्यासाठीही होडीचं नाव टाकून बघा. फक्त स्पेलिंग रोमन लिपीत नीट टाका.

दुसरं म्हणजे कपाट. ड्युई नंबरात, म्हणजे लायब्ररी पुस्तकाच्या पाठीवर विषयाप्रमाणे जो नंबर टाकते त्यात, ही पुस्तकं फुटतात, काही ७९७.१२४ ला म्हणजे खेळात, काही ९१०.४१ नाहीतर ९१०.४५ ला प्रवासात, आणि एखादं थेट चरित्रांत जाऊन बसतं. त्यामुळे सेलिंगच्या कपाटासमोर दोन मिनिटं उभं राहून "नाहीये" म्हणत परत येऊ नका.

वर्ल्डकॅटवर, म्हणजे जगभरच्या लायब्रऱ्यांच्या एकत्र ऑनलाइन कॅटलॉगवर, कुठल्या लायब्ररीत प्रत आहे ते दिसतं. १९६५ च्या आधीच्या पुस्तकाला मुळात आयएसबीएन नसतोच, म्हणून तिथला ओसीएलसी नंबर (वर्ल्डकॅटमधला त्या नोंदीचा नंबर) लिहून घ्या. यूके-अमेरिकेत असाल तर तो नंबर आपल्या लायब्ररीत दाखवून इंटरलायब्ररी लोन मागायचं, म्हणजे ते दुसऱ्या लायब्ररीतून पुस्तक मागवून देतात. इकडे भारतात ते अवघड, पण कॉलेजची लायब्ररी डेलनेटची (एकमेकांना पुस्तकं देणाऱ्या लायब्रऱ्यांचं नेटवर्क) मेंबर असेल तर विचारून बघा. विद्यापीठांच्या लायब्रऱ्यांसाठी इंडकॅट हा एकत्र ऑनलाइन कॅटलॉग आहे.

भारतात छापलेलं पुस्तक असेल तर वेगळा रस्ता. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला कोलकाता, चेन्नई, दिल्ली आणि मुंबईच्या ठरलेल्या लायब्रऱ्यांना प्रत द्यावी लागते, मुंबईत ती सेंट्रल लायब्ररी. सगळे देतात असं नाही हो, पण दिलीप दोंदेंसारख्यांबद्दल वाचायचं असेल (२००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या म्हादेई या होडीवरून एकट्याने प्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय) तर सुरुवात तिथून करा.

आणि जुन्या लायब्रऱ्यांत सगळंच कॉम्प्युटरवर चढलेलं नसतं. स्क्रीनवर शून्य आलं की कार्डांचे ड्रॉवर कुठे आहेत ते विचारा, नसतील तर जुनं रजिस्टर मागा.