व्हॅटिकन सिटीचा उठावाचा नकाशा शाडूमातीत कसा घडवावा

शालेय प्रदर्शनातील उठावाच्या नकाशात उंची बहुधा अनेक पटींनी वाढवून दाखवावी लागते. महाराष्ट्राची पूर्व-पश्चिम लांबी एक मीटरमध्ये बसवली, तर १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई जेमतेम दोन मिलिमीटर भरते. व्हॅटिकन सिटी मात्र इतकी लहान आहे की, जमिनीवरील एक मीटरला एक मिलिमीटर हे प्रमाण धरले असता सुमारे १,०५० मीटर लांब आणि ८५० मीटर रुंद असा हा देश एका टेबलावर मावतो आणि त्याची उंचीही त्याच प्रमाणात खरी दाखवता येते. कोल्हापूर महानगरपालिकेच्या हद्दीत दीडशेच्या आसपास वेळा बसेल एवढे, म्हणजे ०.४४ चौरस किलोमीटर, त्याचे क्षेत्रफळ आहे. उंचीचे खरे प्रमाण मुलांच्या नजरेत भरावे, यासाठी शिक्षकांनी हाच देश निवडावा.

प्लायवूडच्या पाटावर सीमारेषा उतरवून तिच्यावर दोरा ठेवावा. तो तीन मीटरांहून थोडा अधिक भरला, तर रेषा बरोबर आली असे समजावे.

खरे कौशल्य उंचीच्या कामात आहे. पूर्वेकडील सेंट पीटर चौक समुद्रसपाटीपासून १९ मीटरवर, तर पश्चिमेकडील उद्यानातील सर्वोच्च जागा ७८ मीटरवर आहे. पाटाचा पृष्ठभाग २० मीटर मानून ३०, ४०, ५०, ६० आणि ७० मीटरच्या समोच्च रेषांप्रमाणे दहा मिलिमीटर जाडीचे पुठ्ठ्याचे पाच थर एकावर एक चिकटवावेत आणि माथ्यावर आठ मिलिमीटर माती चढवावी. उपग्रह-नकाशावरून उंची घेताना बिंदू इमारतींवर न घेता रस्त्यांवर व उद्यानातील वाटांवर घ्यावेत.

पायऱ्या बुजवण्यासाठी कोल्हापूरच्या कुंभारांकडे मूर्तींसाठी मिळणारी शाडूमाती वापरावी. ती येथे विशेष शोभते, कारण व्हॅटिकनची टेकडी आपल्या पन्हाळ्यासारखी बेसाल्टची नसून तिच्या पायात प्राचीन समुद्रतळावर साचलेली चिकणमाती आहे, आणि याच परिसरातील मातीपासून रोमसाठी विटा भाजल्या जात. सेंट पीटर बॅसिलिकेखालची जागा सपाट ठेवावी. चौथ्या शतकात तेथील उतार कापून व भर घालून चौथरा तयार केला होता. टेकडी सीमेवर संपत नाही, ती रोममध्ये पुढे जाते. म्हणून पाटाच्या कडेला उतार न देता सरळ काप ठेवून तो राखाडी रंगवावा, नाहीतर मुलांना तेथे कडा असल्याचा भास होईल.

नदी रंगवू नये. टायबर पूर्वेला, सीमेबाहेर वाहते. निम्म्याहून अधिक क्षेत्र उद्यानांचे असल्याने हिरवा रंग मोकळेपणाने वापरावा. बॅसिलिकेचा घुमट १३६ मीटर उंच असल्याने या प्रमाणात तो टेकडीच्या दुपटीहून मोठा दिसेल आणि भूरूप झाकेल. त्यामुळे इमारतींच्या फक्त पायारेषा कोराव्यात.